वीज आल्यापासून कर्नलपर्यंत : बूटलोडरच्या अभ्यासाची प्रस्तावना

एखाद्या यंत्राच्या पोटात ठरावीक कामासाठी बसवलेला, स्वतःचा प्रोसेसर, स्मृती आणि जोडण्या असलेला छोटा संगणक म्हणजे एम्बेडेड बोर्ड. आणि अशा बोर्डाला वीज मिळाल्यापासून त्यावरील कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, चालू होईपर्यंतच्या काही सेकंदांत जो प्रोग्राम सूत्रे सांभाळतो, त्याला बूटलोडर असे नाव आहे. हा प्रोग्राम एकदा बोर्डावर चढवला, पडद्यावर अपेक्षित ओळी उमटल्या की त्याच्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही, अशी समजूत प्रयोगशाळेत शिकणाऱ्यांची असते आणि प्रयोगशाळेपुरती ती खरीही ठरते. प्रस्तुत पुस्तकाची भूमिका मात्र अशी आहे की बूटलोडरची मांडणी प्रोसेसरच्या माहितीपत्रकावरून निम्मीच ठरते. उरलेली निम्मी मांडणी तो बोर्ड कोठे, कोणाच्या हाती आणि कसल्या विजेवर चालणार आहे यावरून ठरवावी लागते, आणि नेमका हाच भाग पाठ्यपुस्तकांतून गाळला जातो. म्हणूनच येथील सारे विवेचन सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील, विशेषतः मालवण परिसरातील मच्छीमार होडीवर बसणारा बोर्ड डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे.

ही निवड केवळ स्थानिक अभिमानापोटी झालेली नाही. देवगड, सर्जेकोट, मालवण, निवती, वेंगुर्ले या बंदरांतून बाहेर पडणाऱ्या यांत्रिक होड्यांवर जीपीएस, माशांचे थवे दाखवणारा फिश फाइंडर आणि बिनतारी संदेशयंत्र ही साधने आता सरावाची झाली आहेत. त्यांत भर म्हणून इस्रोने विकसित केलेल्या, उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश पाठवू शकणाऱ्या ट्रान्सपाँडरची राष्ट्रीय योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुरू झाली, आणि १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख होड्यांवर हे यंत्र बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. साधन कोणतेही असो, त्याच्या आत एक प्रोसेसर असतो आणि बटण दाबताच त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते. ही सुरुवात किनाऱ्यापासून काही सागरी मैल दूर फसली, तर दुरुस्त करणारा माणूस तेथे नसतो. असतो तो तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आणि त्याचे खलाशी, आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे एवढाच उपाय त्यांच्या हाती असतो. बूटलोडर लिहिणाऱ्याने हा एक उपाय गृहीत धरला आहे की नाही, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

या सुरुवातीचे टप्पे समजून घेण्यासाठी पुस्तकात बीगलबोन ब्लॅक हा २०१३ साली बाजारात आलेला बोर्ड आधाराला घेतला आहे, कारण त्याची संपूर्ण विद्युत-आकृती आणि माहितीपत्रके सर्वांना खुली आहेत. त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा एएम३३५एक्स मालिकेतील १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि ५१२ मेगाबाइट डीरॅम आहे. डीरॅम ही मोठी आणि स्वस्त स्मृती खरी, पण वीज येताच ती वापरता येत नाही. तिच्या घड्याळाचा वेग, वाचन-लेखनातील सूक्ष्म अंतरे आणि तिला ताजी ठेवण्याची पद्धत कोणीतरी आधी नियंत्रकाला सांगावी लागते. हे सांगणारा प्रोग्राम डीरॅममध्येच ठेवणे अर्थातच शक्य नाही. या अडचणीतून वाट काढण्यासाठी चिप बनवणारा कारखाना तिच्या आत एक न बदलणारा छोटा प्रोग्राम कायमचा कोरून ठेवतो, त्याला बूट रॉम म्हणतात. वीज येताच प्रोसेसर प्रथम हाच प्रोग्राम चालवतो, आणि तो बोर्डावरील काही पिनांची स्थिती वाचून पुढचा प्रोग्राम कोणत्या साठवणीत, कोणत्या क्रमाने शोधायचा हे ठरवतो.

सापडलेला प्रोग्राम रॉम चिपच्या आतल्या छोट्या एसरॅममध्ये आणतो. ही स्मृती कोणत्याही तयारीविना लगेच वापरता येते, परंतु एएम३३५एक्सवर तिच्यात पहिल्या प्रोग्रामला जास्तीत जास्त १०९ किलोबाइट जागा मिळते. पूर्ण बूटलोडर एवढ्या जागेत मावत नाही, म्हणून त्याचे दोन भाग केले जातात. पहिला, काटकसरीने लिहिलेला भाग एसपीएल या नावाने ओळखला जातो आणि या प्रोसेसरवर त्याची फाइल एमएलओ नावाने ठेवावी लागते. त्याचे मुख्य काम डीरॅम वापरायोग्य करून दुसरा भाग तीत आणणे एवढेच असते. दुसरा भाग म्हणजे खरा बूटलोडर. त्याला फाइलसिस्टिम वाचता येते, नेटवर्क वापरता येते, वापरणाऱ्याच्या आज्ञा घेता येतात, आणि शेवटी तो कर्नल व त्याच्यासोबत डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर कोणते भाग कोणत्या पत्त्यावर आहेत याची यादी, स्मृतीत ठेवून कर्नलकडे सूत्रे देतो आणि स्वतः बाजूला होतो.

ज्या वाचकाने अर्डुइनो ऊनो हा साधा बोर्ड हाताळला आहे त्याला ही रचना अवाजवी वाटण्याची शक्यता आहे, कारण तेथील ऑप्टिबूट हा बूटलोडर अवघ्या ५१२ बाइटमध्ये मावतो. परंतु त्या बोर्डाच्या चिपमध्ये प्रोग्राम फ्लॅशमधूनच, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीतूनच, थेट चालतो, जुळवावी अशी डीरॅमच नसते आणि कार्यप्रणालीही नसते. गुंतागुंतीचे मूळ बूटलोडरमध्ये नसून स्मृतीच्या प्रकारांत आहे, हे या तुलनेवरून लक्षात यावे.

रिकाम्या स्मृतीच्या प्रोसेसरला पहिला प्रोग्राम कसा द्यायचा हा प्रश्न महाराष्ट्रातील तंत्रज्ञांना नवा नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार केला, आणि त्याचा पाया ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर होते. ट्रान्सप्युटरची योजना अशी होती की एका पिनेची पातळी पाहून तो रॉममधून सुरू व्हायचे की शेजाऱ्याशी जोडणाऱ्या तारेवर, म्हणजे लिंकवर, वाट पाहायची हे ठरवी. लिंकवर वाट पाहणाऱ्याला जो पहिला बाइट मिळे त्याची किंमत १ पेक्षा जास्त असल्यास ती पुढे येणाऱ्या प्रोग्रामची लांबी समजून तो तेवढे बाइट आपल्या आतल्या ४ किलोबाइट स्मृतीत घेई आणि लगेच चालवू लागे. किंमत ० किंवा १ असल्यास स्मृतीतील एका पत्त्यावर लिहिणे किंवा तेथून वाचणे एवढेच काम तो करी. लांबी एका बाइटात सांगायची असल्याने हा पहिला प्रोग्राम २५५ बाइटपेक्षा मोठा असू शकत नसे, पण मोठा प्रोग्राम मागवून घेण्यापुरता आणि तो पुढच्या शेजाऱ्याला देण्यापुरता तो पुरेसा होई. प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र रॉम न देता संपूर्ण जाळे एका टोकापासून जागे करण्याची ही सोय आजच्या एसपीएलपेक्षा दिसायला वेगळी असली, तरी छोट्या जागेतल्या छोट्या प्रोग्रामने मोठ्या प्रोग्रामला आत आणायचे हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. सी-डॅकच्याच तिरुवनंतपुरम केंद्राने अलीकडे विकसित केलेल्या वेगा मालिकेतील प्रोसेसरचे एरीज बोर्डही सीरियल तारेवरून पहिला प्रोग्राम स्वीकारू शकतात.

पुस्तकात वापरलेला यू-बूट हा बूटलोडर पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेल्या एका लहान प्रोग्राममधून वाढला. जर्मनीतील वोल्फगांग डेंक यांनी २००० साली तो पीपीसीबूट या नावाने खुला केला आणि इतर प्रोसेसरांचा आधार त्यात येऊ लागल्यावर २००२ साली त्याचे आजचे नाव रूढ झाले. बेअरबॉक्ससारखे पर्याय आहेत आणि काही बाबतींत ते अधिक नेटकेही आहेत. तरी बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बोर्डांसोबत यू-बूटच येत असल्याने शिकणाऱ्याने तेथूनच आरंभ करणे व्यवहार्य ठरते.

उभारणीची पहिली पायरी संगणकावर कंपायलर बसवणे ही नसून बोर्डाच्या सीरियल जोडणीला तार लावणे ही आहे, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. सीरियल म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी साधी दुतारी जोडणी. बीगलबोन ब्लॅकवर तिच्यासाठी सहा पिनांची एक पट्टी असून तिच्या पहिल्या पिनेवर ग्राउंड, चौथीवर बोर्डाकडे येणारी आणि पाचवीवर बोर्डाकडून जाणारी माहिती असते; वेग सेकंदाला १,१५,२०० बिट आणि विद्युतपातळी ३.३ व्होल्ट. पाच व्होल्टची तार येथे लावल्यास प्रोसेसरची पिन निकामी होऊ शकते, आणि घाईत घेतलेल्या स्वस्त तारांमुळे हे अनेकदा घडते. तार योग्य लागली आणि बोर्डावर कोणतीही साठवण तयार नसली, तर पडद्यावर रोमन लिपीतील सी हे एकच अक्षर ठरावीक अंतराने उमटत राहते. नवशिक्याला हा बिघाड वाटतो. वस्तुतः ती बूट रॉमची हाक असते : ईएमएमसी म्हणजे बोर्डावर कायमची बसवलेली फ्लॅश चिप आणि एसडी कार्ड या दोन्ही ठिकाणी पहिला प्रोग्राम न मिळाल्याने तो आता याच तारेवरून, एक्समोडेम या जुन्या पद्धतीने, पाठवावा असे रॉम सुचवीत असतो. प्रोसेसर जिवंत आहे, वीज बरोबर आहे आणि तार नीट आहे, या तिन्ही गोष्टी त्या एका अक्षराने सिद्ध होतात. एकही अक्षर उमटत नसेल तर मात्र शोध विजेपासूनच सुरू करावा लागतो.

रॉम पहिला प्रोग्राम कोणत्या क्रमाने शोधते हे न पाहिल्याने होणारा घोटाळा याहून जास्त वेळ खातो. या बोर्डाचा नेहमीचा क्रम ईएमएमसी, एसडी कार्ड, सीरियल, यूएसबी असा आहे. त्यामुळे ईएमएमसीवर जुना एमएलओ शिल्लक असताना नवा बूटलोडर घातलेले कार्ड कितीही वेळा लावले तरी रॉम त्याच्याकडे पाहतही नाही. कार्डाला प्राधान्य देण्यासाठी कार्डाच्या खाचेजवळचे बटण दाबून धरून वीज द्यावी लागते, आणि ते वीज देतानाच दाबलेले असावे लागते, कारण क्रम ठरवणाऱ्या पिना रॉम नुसत्या रीसेटवर पुन्हा वाचत नाही. मालवणच्या हवेत या तपशिलाला आणखी एक बाजू येते. एसडी कार्डाचे संपर्कबिंदू उघडे असतात. खाऱ्या दमट हवेने त्यांच्यावर पुटे चढतात आणि होडीच्या इंजिनाच्या कंपनाने कार्ड खाचेत हलत राहते. म्हणून समुद्रावर जाणाऱ्या बोर्डात बूटलोडर ईएमएमसीवरच असावा आणि कार्ड केवळ धक्क्यावरच्या दुरुस्तीसाठी राखावे, हा निर्णय येथे पर्यायांपैकी एक म्हणून न मांडता नियम म्हणून मांडला आहे. सुदैवाने एएम३३५एक्सचे रॉम फाइलसिस्टिमबाहेरही पाहते : साठवणीच्या आरंभापासून ०, १२८, २५६ आणि ३८४ किलोबाइट अशा चार जागी ते पहिला प्रोग्राम शोधते, आणि एका जागेवरची प्रत वाचण्यायोग्य नसल्यास पुढच्या जागेकडे वळते. चिप बनवणाऱ्याने फुकट दिलेली ही चार जागांची सोय न वापरता एकाच जागी एकच प्रत ठेवणारे बोर्ड बाजारात सर्रास दिसतात, हे आश्चर्यकारक आहे.

खऱ्या अवघड प्रश्नाचा आरंभ यानंतर होतो, आणि तो विजेचा आहे. किनाऱ्यावर वीज जाणे ही नित्याची बाब आहे; १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा खांब आणि झाडे कोसळून मालवण परिसरातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. होडीवरची वीज तर बॅटरीची असते, आणि डिझेल इंजिन स्टार्टरने चालू करताना स्टार्टर क्षणभर एवढा प्रवाह ओढतो की बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो. त्याच बॅटरीवर बोर्ड आधीच चालू असेल तर तो अर्ध्यावर रीसेट होतो, आणि इंजिन पहिल्या प्रयत्नात धरले नाही तर हे लागोपाठ घडते.

आता यू-बूटमध्ये बिघाडातून सावरण्यासाठी असलेली सोय पाहावी. बूटकाउंट नावाचा एक आकडा दर सुरुवातीला एकने वाढतो. कार्यप्रणाली व्यवस्थित चालू झाली की तिने तो शून्यावर आणायचा असतो. आणि तो बूटलिमिट या मर्यादेपलीकडे गेला, तर नेहमीच्या आज्ञेऐवजी ऑल्टबूटसीएमडी ही पर्यायी आज्ञा चालवून जुन्या, खात्रीच्या कार्यप्रणालीकडे वळले जाते. कल्पना उत्तम आहे. परंतु हा आकडा कोठे साठवायचा यावर तिचे यश अवलंबून असते, आणि येथे दोन्ही बाजूंना धोका आहे. एएम३३५एक्सवर तो प्रोसेसरच्या घड्याळ-विभागातील एका रजिस्टरमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. बीगलबोन ब्लॅकच्या घड्याळाला स्वतंत्र बॅटरी नसल्याने वीज पूर्ण तुटताच तो आकडा पुसला जातो. तांडेलाने यंत्र अडले म्हणून ते बंद करून पुन्हा चालू केले की मोजणी पहिल्यापासून सुरू होते, मर्यादा कधीच गाठली जात नाही, आणि बिघडलेली नवी कार्यप्रणाली दर खेपेस त्याच जागी अडकते. सावरण्याची सोय असूनही ती नसल्यासारखी होते.

यावर उपाय म्हणून आकडा फ्लॅशमध्ये, बूटलोडरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये म्हणजे त्याच्या कायम साठवलेल्या चलांच्या यादीत ठेवला, तर तो विजेशिवाय टिकतो. पण मग स्टार्टरमुळे झालेले रीसेटही त्यात मोजले जातात आणि मर्यादा तीन असेल तर इंजिनाने तीनदा दगा दिला म्हणून निर्दोष कार्यप्रणाली सोडून बोर्ड जुन्या आवृत्तीवर जातो. यू-बूटमध्ये याची एक तोड आधीपासून आहे : फ्लॅशमधला आकडा तो एरवी वाढवीत नाही, अद्ययावत आवृत्ती चढवल्याची खूण करणारे चल १ असेल तेव्हाच वाढवतो, ज्यामुळे फ्लॅशची झीजही वाचते. तेव्हा धोक्याचा काळ नवी आवृत्ती चढवल्यापासून ती एकदा नीट चालेपर्यंतचाच उरतो. त्या काळात होडी धक्क्यावर असावी, मर्यादा तीनऐवजी अधिक ठेवावी, आणि बोर्डाच्या वीजपुरवठ्यात स्टार्टरची घसरण झेलू शकणारा रूपांतरक असावा, असा तिहेरी बंदोबस्त पुस्तकात सुचवला आहे. यांतील तिसरा भाग सॉफ्टवेअरचा नाही. तरीही बूटलोडर लिहिणाऱ्याने तो विद्युत विभागावर सोडून मोकळे होऊ नये, कारण आकड्याचा अर्थ शेवटी विजेवरच ठरतो.

या सोयीला वॉचडॉगची जोड नसेल तर ती पांगळीच राहते. वॉचडॉग म्हणजे ठरावीक मुदतीत प्रोग्रामने खूण दिली नाही तर प्रोसेसर स्वतःहून रीसेट करणारे घड्याळ. कर्नल मध्येच अडकला तर रीसेट घडवणारे दुसरे कोणी नसते, आणि रीसेटच नाही तर मोजणीही नाही. एएम३३५एक्सचे रॉम हे घड्याळ तीन मिनिटांच्या मुदतीवर चालू करून देते. बूटलोडर मात्र त्याला सवयीने बंद करून टाकतो आणि कर्नलने ते पुन्हा चालू करेपर्यंतचा काळ उघडा पडतो. प्रयोगशाळेत ही सवय सोयीची असते, समुद्रावर ती घातक ठरते.

आणखी एक बारीकसा दोष येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण तो शोधण्यात दिवस जातात. यू-बूट कर्नलकडे जाण्याआधी काही क्षण थांबून सीरियल तारेवर कोणी कळ दाबते का ते पाहतो. तारच जोडलेली नसेल आणि आत येणारी पिन मोकळी लोंबकळत असेल, तर इंजिनाच्या अल्टरनेटरचा विद्युत-गोंगाट किंवा बोर्डावर साचलेला ओला क्षार तिच्यावर खोटे अक्षर उमटवू शकतो, आणि बोर्ड कोणाच्या तरी आज्ञेची वाट पाहत तेथेच थांबून राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र मेलेले दिसते, तर आत बूटलोडर पूर्ण शहाणपणाने आज्ञेसाठी ताटकळत असतो. पिन रोधकाने बांधणे, आणि कोणत्याही कळीऐवजी ठरावीक शब्दच स्वीकारणारी मांडणी निवडणे, हे दोन्ही उपाय करावेत.

नव्या आवृत्त्या चढवण्याच्या बाबतीत जुनी चालती प्रत पुसून तिच्याच जागी नवी लिहिणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे होय. लेखन चालू असताना वीज गेली तर दोन्ही हातचे जातात. म्हणून कर्नल आणि कार्यप्रणालीच्या दोन प्रती, एन्व्हायर्नमेंटच्या दोन प्रती आणि प्रत्येकीवर चेकसम, म्हणजे मजकुरात फरक पडल्यास तो दाखवून देणारी गणिती बेरीज, ही किमान शिस्त मानली आहे. हे काम कधी करावे याचे उत्तर मात्र किनाऱ्याच्या पंचांगातच आहे : १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. या काळात बोर्ड काढून धक्क्यावरच्या स्थिर विजेवर अद्ययावत करता येतो. मात्र दोन महिने बंद राहिलेल्या बोर्डाचे घड्याळ चुकीची तारीख दाखवते, आणि प्रमाणपत्राची मुदत तपासणारे अद्ययावतीकरण त्यामुळे नाकारले जाते. आधी जीपीएसकडून वेळ घ्यावी, मग नेटवर्कला हात घालावा, हा क्रम पाळावा लागतो.

स्वाक्षरी तपासूनच कर्नल चालवण्याची, म्हणजे व्हेरिफाइड बूटची चर्चा पुस्तकाच्या उत्तरार्धात येते आणि ती जाणीवपूर्वक थोडक्यात आटोपली आहे. सर्वसाधारण विक्रीसाठीच्या एएम३३५एक्सचे रॉम पहिल्या प्रोग्रामची स्वाक्षरी तपासत नाही. त्यामुळे यू-बूटने कर्नलची स्वाक्षरी कितीही काटेकोर तपासली तरी ज्याच्या हाती बोर्ड आहे त्याला यू-बूटच बदलता येतो. अशा बोर्डावर ही तपासणी चोरी रोखण्यापेक्षा चुकीची फाइल चढण्यापासून वाचवते, एवढीच अपेक्षा ठेवणे योग्य.

बोर्ड विकत घेताना, किंवा सहकारी संस्थेमार्फत अनेक होड्यांसाठी एकदम मागवताना, दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. यू-बूट जीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्याने ज्याला त्याची चालती प्रत दिली जाते त्याला तिचा स्रोत, त्या बोर्डासाठी केलेल्या बदलांसह, मागण्याचा अधिकार आहे. दुसरी गोष्ट सीरियल जोडणीची : पेटी पाण्यापासून सुरक्षित करताना उत्पादक ही सहा पिनांची पट्टी पुष्कळदा गाळून टाकतात किंवा राळेखाली बुजवतात. ती झाकणाखाली, पण झाकण उघडताच हाताशी येईल अशी ठेवण्याची अट मागणीपत्रातच घातली, तर मालवणच्या धक्क्यावर बसून दुरुस्ती करणाऱ्याला बोर्ड पुण्या-मुंबईला पाठवण्याची वेळ बहुतेकदा येणार नाही.